दंडाच्या मापाचं खुराडं

रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला दाराची कडी वाजली की थोरलीच्या कपाळाला दोन आठ्या पडत. पहिली धाकटीला पाहून आणि दुसरी धाकटीच्या हातातल्या टोपलीला पाहून.

टोपलीत सहा अंडी असत. खाली भुस्सा, वर पांढरा रुमाल.

"बाजारातली नाहीत हं वहिनी," धाकटी दर रविवारी सांगे. "आत्ताच काढलीयत. अजून गरम आहेत, हात लावून बघा."

थोरली हात लावून बघे. अंडी खरंच गरम असत. एखाद्या रविवारी तरी थंड असावीत एवढीच तिची अपेक्षा होती, पण धाकटी तेवढीही संधी देत नसे.

दोघी सख्ख्या जावा. दोन भावांनी घर मधोमध वाटून घेतलं, मागच्या अंगणात छातीइतकी भिंत घातली, आणि त्यानंतर दोघांचं कधी भांडण झालं नाही. जावांचंही झालं नाही. खरं तर थोरलीची तक्रार तीच होती. एकदा कडाक्याचं भांडण झालं की माणूस मोकळं होतं. पण धाकटी भांडतच नसे. ती हसे, अंडी देई, तासभर बसे आणि जाताना "किती छान चहा केलात" असं म्हणून जाई.

त्यावर थोरलीचा नवरा. तीन अंडी एका बैठकीत संपवून तो म्हणे, "अंडं असावं तर असं!" या गृहस्थानं सव्वीस वर्षांच्या संसारात 'अमुक असावं तर असं' हे वाक्य थोरलीच्या कुठल्याही वस्तूबद्दल उच्चारलं नव्हतं. तिनं शिवलेले सदरे घालून तो नोकरीतून निवृत्त झाला, पण सदऱ्याबद्दल एक अक्षर नाही. आणि कोंबडीनं मात्र काही न शिकता, कात्री हातात न धरता, बसल्या जागी ते कौतुक मिळवलं होतं.

आता थोरलीबद्दल सांगायला हवं. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं आणि त्या यंत्रामागे तिचा दबदबा होता. तिनं शिवलेला ब्लाउज पहिल्याच खेपेला बसे, सैल नाही, घट्ट नाही. तिच्या लांबट वहीत सगळ्या गल्लीची मापं होती, म्हणजे पर्यायानं सगळ्या गल्लीची गुपितं. कुणाची कंबर कुठल्या साली कुठे गेली ते तिला ठाऊक असे. दर वर्षी जुना आकडा खोडून नवा लिहायचा हा वहीचा नियमच होता. अपवाद एकाच पानाचा. धाकटीचं पान. त्या पानावर बावीस वर्षांत एक खाडाखोड नव्हती.

दंडघेर, साडेदहा.

दर वर्षी माप घेताना थोरली टेप जरा सैलच धरून बघे. तरी साडेदहाच. ज्या बाईच्या घरी रोज सहा-सात अंडी उतरतात, तिच्या दंडावर त्याचा काही परिणाम होऊ नये, हे थोरलीला निसर्गाच्या विरुद्ध वाटे. तिच्या स्वतःच्या नावाचंही एक पान वहीत होतं. त्याची सुरुवात दहापासून झाली होती. चौदावर पोचल्यावर तिनं ते पान फाडून त्याचा कागदी नमुना कापला.

"आपण कोंबड्या पाळू या," एका रविवारी टोपली रिकामी करता करता ती म्हणाली.

"कशाला?" नवरा अंडं सोलत म्हणाला. "अंडी येतातच की आपल्याकडे."

त्या क्षणी खुराड्याचा पाया पडला.

बातमी गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. ज्यांनी जन्मात कोंबडी फक्त ताटात पाहिली होती तेही सल्ला द्यायला आले. समोरचे निवृत्त मास्तर गणित शिकवायचे, त्यामुळे त्यांना सगळंच येत असे. "अंडी घालायची जागा सगळ्यात आत, अंधारात हवी," ते म्हणाले. "अंडं ही खासगी बाब आहे. उजेडात तुम्हाला तरी जमेल का?" थोरलीनं विचार करून नाही म्हटलं. दूधवाल्यानं मांजरांचं भय घातलं. त्याच्या मेहुण्याच्या खुराड्याचं झाकण मांजरानं उघडलं होतं म्हणे. म्हणून छत उघडझाप करणारं नको, पत्रा ठोकून कायमचा बंद करावा. नर्सबाईंनी सांगितलं, खाली ओढून काढायचा ट्रे ठेवा, घाणीत हात घालायला नको. थोरलीनं सगळ्यांचं ऐकलं. फक्त एकीला विचारलं नाही. म्हणजे जिला कोंबड्यांमधलं खरोखर काही कळत होतं, तिला.

पण परवाना काढायला गेल्यावर नगरपालिकेच्या कचेरीतल्या कारकुनानं तिचा हा बेत बिघडवला. आधी त्यानं अर्ज दिला. त्यात 'प्राण्याचा प्रकार' याखाली कुत्रा, मांजर आणि अन्य असे तीनच रकाने होते. थोरलीनं 'अन्य'वर खूण केली. पुढे 'प्राण्याचे नाव' असं होतं. तिथं तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, 'अजून ठेवलं नाही.'

"बाई, नाव म्हणजे कोण प्राणी ते," कारकून म्हणाला.

"मग तसं छापा ना. नाव म्हणजे नाव."

'पाळण्याचा उद्देश' या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली. खरं उत्तर 'जाऊ' असं होतं. तिनं 'अंडी' लिहिलं.

"शेजाऱ्याच्या बाजूला खुराड्याची कुठलीही उघडी बाजू ठेवायची नाही," कारकुनानं नियम वाचून दाखवला. "दार, खिडकी, भोक, काही नाही. आणि लगतच्या घरमालकाची हरकत नसल्याची सही आणा."

"लगतच्या म्हणजे?"

"ज्याची भिंत तुमच्या भिंतीला लागून आहे त्याची."

थोरली घरी येईपर्यंत रस्ताभर मनाशी संवाद पाठ करत आली. धाकटी म्हणेल, आधीच माझ्या कोंबड्या आहेत, आणखी वास कशाला? मग आपण म्हणू, अस्सं? आणि मग बावीस वर्षांचं सगळं काढू. पाठांतर इतकं छान झालं होतं की तिला एखादं वाक्य मोठ्यानं म्हणून बघावंसं वाटलं.

धाकटीनं अर्ज वाचलाही नाही. "अय्या, कोंबड्या? वहिनी, खरंच?" म्हणत तिनं सही ठोकली, खाली तारीख घातली, आणि वर भुश्शाचं पोतं देऊ केलं. "काही लागलं तर सांगा हं. मी आहेच भिंतीपलीकडे."

थोरली सही घेऊन परत आली. इतकं चांगलं वागून माणसाला इतकं छळणारी दुसरी बाई तिच्या पाहण्यात नव्हती.

मग सुतार आला. हा सुतार सरळ माणूस. सांगाल तितकं आणि सांगाल तसं करणारा. कारण पूर्वी एकदा त्यानं शिवणयंत्राचं टेबल आपल्या अकलेनं बोटभर उंच केलं होतं, तेव्हा थोरलीनं त्याला टेप दाखवून जे ऐकवलं ते त्याच्या लक्षात होतं.

कोंबड्या आधीच आल्या होत्या. तीन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या, टोपलीखाली झाकून ठेवलेल्या. थोरलीनं त्यांची रीतसर मापं घेतली. छाती, पाठ, उंची. एक उभी राहीना तर तिला "सरळ उभी राहा गं, श्वास सोड," असंही म्हणाली. मापांवरूनच नावं पडली, बारीक, मध्यम आणि ढगळ. "यांच्या दाराला चांगली चार बोटं जास्तीची माया सोड," तिनं सुताराला बजावलं. "वाढत्या अंगाच्या आहेत."

दार झालं. आत अंधारात, भिंतीच्या बाजूला, अंडी घालायचा कप्पा झाला. वरचा पत्रा चहूबाजूंनी ठोकला. खालचा ट्रे झाला. राहिलं ते अंडी काढायचं भोक, कारण दारातून कप्प्यापर्यंत हात पोचत नव्हता. धाकटीच्या बाजूला ते ठेवता येत नव्हतं, म्हणून अलीकडून, म्हणजे पुरा हात आत घालून पलीकडच्या कप्प्यापर्यंत पोचायचं, असं ठरलं.

"केवढं ठेवू?" सुतारानं विचारलं. "मोठं ठेवलं तर मांजर शिरेल."

"हातापुरतं ठेव."

"कुणाच्या हातापुरतं? तुमच्याच ना? खांद्यापर्यंत घालावा लागणार तो. दंड किती तुमचा, ताई?"

हा प्रश्न त्यानं करवतीच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या माणसाच्या आवाजात विचारला. करवत त्या वेळी बंद होती. समोर मास्तर उभे होते. आणि भिंतीपलीकडे, दोरीवर कपडे घालत, धाकटी उभी होती. तिचा हात वर होता. बाही खाली घसरली होती. उन्हात तो दंड थोरलीनं पाहिला आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं,

"साडेदहा."

सुतारानं तिच्या दंडाकडे पाहिलं. ओंडका नजरेनं मापायची त्याला चाळीस वर्षांची सवय. "एकदा टेप लावून बघू या का?" तो हळूच म्हणाला.

"बावीस वर्षं मापं घेतेय मी. साडेदहा. वर अर्धा इंच माया. अकराचा घेर."

"घेर काय सांगता, रुंदी सांगा."

"साडेतीन इंच!" मास्तर गरजले. "व्यास साडेतीन. सोपं आहे."

भिंतीपलीकडे कपड्याचा एक चिमटा खाली पडला. धाकटी तो उचलायला वाकली आणि जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ वाकलेलीच राहिली.

सुतारानं अकराचं भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, वर झडप बसवली आणि दुसऱ्या गावी शाळेची बाकं करायला महिनाभरासाठी निघून गेला. थोरली रोज झडपेला पुसून तेल लावी. हात घालून पाहायचा मात्र राहून गेला. काही गोष्टींची खात्री करून घ्यायला माणूस टाळाटाळ करतो, त्यातलीच ही एक.

तीन आठवडे गेले. कोंबड्या खात होत्या, अंगणभर फिरत होत्या, आणि थोरलीच्या समजुतीप्रमाणे बाकी काही करत नव्हत्या. गल्लीनं आता चौकशी आरंभली. "काय, अंडं?" मास्तर रस्त्यावरून विचारत. नवरा सकाळी चहाबरोबर विचारी. ब्लाउज न्यायला आलेल्या बाया काज-बटणांचं सोडून अंड्यांचंच विचारत. आणि रविवारी नऊ वाजता कडी वाजतच होती. सहा अंडी. गरम.

थोरलीला एकच गोष्ट हवी होती. एका रविवारी ही टोपली परत करताना तिच्यात आपली स्वतःची अंडी असावीत. बस. इतकी वर्षं तिनं टोपली कधी रिकामी दिली नव्हती. धाकटीसाठी उशीचा अभ्रा, गरम भांडी धरायचं कापड, काही ना काही शिवून घालायची. पण कापड ते कापड. त्याला कुणी हात लावून "अजून गरम आहे" म्हणत नाही.

मग एका सकाळी, नवरा बँकेत गेलेला असताना, ढगळनं आत जो आरडाओरडा केला तो थेट शिवणयंत्रापर्यंत आला. थोरली विजेरी घेऊन धावली. झडप उघडली. उजेड आत टाकला.

चार.

सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, अंधारात, खासगीत, चार अंडी. ढगळच्या पंखाखाली आणखी एक असेल तर तेही. म्हणजे या बायका कधीपासून घालत होत्या आणि ती उगीच त्यांना टोचून बोलत होती! थोरलीचे डोळे भरून आले. तिनं गुडघे टेकले आणि हात आत घातला.

मनगट गेलं. कोपर गेलं. कोपरानंतर हात जरा थबकला, पण चार अंडी दिसत असताना कोण थांबतं? तिनं श्वास सोडला, खांदा फिरवला, जोर लावला. काहीतरी 'पुच्' करून आत गेलं. बोटांपासून अंडं वीतभर दूर होतं. आणखी पुढे हात जाईना.

मागेही येईना.

तिनं ओढून पाहिलं, वळवून पाहिलं. गाल लाकडावर टेकवून शांतपणे विचार करून पाहिला. आतून ढगळनं येऊन तिच्या अंगठ्याचं नख तपासलं आणि चोच मारून परत केलं.

"वहिनी?" भिंतीवरून आवाज आला. "काय करताय?"

"काही नाही." थोरलीनं जमेल तितक्या ताठ मानेनं सांगितलं. गाल लाकडाला चिकटलेला असताना मान फारशी ताठ होत नाही. "कोंबड्यांशी बोलतेय."

"बोला, बोला. त्यांना आवडतं."

दोरीवर दोन-तीन कपडे झटकल्याचा आवाज झाला.

"अजून बोलताय?"

"आमचं जरा लांबलं."

"मी येऊ का?"

"नको गं. कशाला उगीच. तुझी कामं असतील."

याच वेळी पुढच्या दारात एक गिऱ्हाईक येऊन हाका मारू लागलं. "ताई, ब्लाउज झालाय का? ताई, मागं आहात का? येऊ का मागं?" ही अशी बाई, की जिच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळच्या आत नळावर पोचे.

"अगं, ये!" थोरली भिंतीकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाली. "आधी तिला घालव आणि मग ये! आणि येताना तेलाची बाटली आण!"

धाकटी कशी आली, त्या बाईला तिनं काय सांगून वाटेला लावलं, कळलं नाही. "वहिनी कोंबड्यांना औषध देतायत, संसर्गाचं असेल," असं काहीसं ऐकू आलं आणि घाईघाईनं दूर जाणारी पावलं. मग धाकटी तिच्या शेजारी गुडघे टेकून बसली. तिनं भोकाच्या कडेनं तेल सोडलं, दोन बोटांनी हलकेच मांस आत सारलं, हळूहळू हात फिरवला. दंड सुटला. त्याच्याभोवती लालभडक कडं उमटलं होतं.

धाकटीनं कड्याकडे पाहिलं. भोकाकडे पाहिलं. 'साडेदहा' हा शब्द तिथं हवेत लोंबकळत होता, दोरीवरच्या कपड्यासारखा. थोरलीनं डोळे मिटून घेतले. आता ही बोलणार. बोलू दे. बावीस वर्षांतून एकदा.

"नवीन लाकूड ना," धाकटी म्हणाली. "आकसतं ते."

थोरलीनं डोळे उघडले.

धाकटीनं मनगटावरचं घड्याळ काढून गवतात ठेवलं, बाही वर सारली आणि हात आत घातला. तो कोपरापर्यंत गेला, दंडापर्यंत गेला, थेट खांद्याला लाकूड टेकलं. कुठे अडलं नाही, कुठे फट राहिली नाही. इतकं नेमकं बसलं की थोरलीतली शिवणकाम करणारी बाई क्षणभर सगळं विसरून खूश झाली. एकही ट्रायल न घेता! आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण सुताराला माप दिलं होतं ते कुणाचं. स्वतःचा दहाचा जुना आकडाही तिला आठवला नव्हता. ज्या मापाचा बावीस वर्षं हेवा केला तेच जिभेवर आलं होतं. तीन कोंबड्यांना तिनं सढळ हातानं माया सोडली, स्वतःला जेमतेम अर्धा इंच, आणि खुराडं बेतलं ते थेट धाकटीच्या अंगाला.

"एक," धाकटीनं अंडं बाहेर काढलं. "दोन. तीन. चार. थांबा हं, ढगळ उठत नाहीये... पाच. हे आत्ताचं. गरम आहे, हात लावून बघा."

थोरलीनं हात लावला. गरम होतं. तिचं होतं. फक्त आधी धाकटीच्या हाताला लागलं होतं, एवढं एक मनाला टोचलंच.

"टोपली आण तुझी," ती म्हणाली. "पाचही घेऊन जा."

"अहो, नको! पहिली अंडी तुमची—"

"घेऊन जा म्हटलं ना. मला ती टोपली भरून द्यायचीय. त्यासाठी तर एवढं..." ती थांबली.

धाकटी पाचही अंडी ओंजळीत घेऊन बसून राहिली. मग एकाएकी म्हणाली, "वहिनी, माझ्या सगळ्याच खुडूक आहेत. दीड महिना झाला. अंडी बंद, नुसत्या पिसं फुगवून बसून असतात."

"मग रविवारची?"

"दुकानातली."

"गरम असतात ती!"

"गरम पाण्यात ठेवते. दहा मिनिटं. मग पुसून आणते."

थोरलीच्या डोळ्यांपुढून सहा-सात रविवार सरकले. प्रत्येक रविवारी तिचा नवरा दुकानातली अंडी खाऊन 'असावं तर असं' म्हणत होता.

"पण का गं?"

"तुमच्याकडे सारखं कुणी ना कुणी येत असतं," धाकटी अंड्यांकडे बघत म्हणाली. "भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू येतं. ताई हे, ताई ते, हसणं, गप्पा. आमच्या दाराची कडी वाजते ती वीजबिलाला. रिकाम्या हातानं कसं यायचं तुमच्याकडे? तुम्ही कामात. आणि परत जाताना तुम्ही शिवलेलं काही ना काही मिळतं. बावीस वर्षांतलं सगळं कपाटात ठेवलंय मी. वापरवत नाही. मला तर साधा काठही सरळ घालता येत नाही, वहिनी. कितीदा वाटलं, हात असावा तर असा."

थोरलीच्या पाठ केलेल्या संवादात हे कुठेच नव्हतं. तिनं गवतातलं घड्याळ उचललं, आपल्या हाताचं तेल लागणार नाही अशा बेतानं पदरानं पुसलं, आणि धाकटीच्या मनगटावर बांधलं. पट्ट्याचं सगळ्यात आतलं भोक लागलं. तेवढ्यातही तिनं ते पाहिलंच.

त्यानंतर धाकटी रोज सकाळी येऊ लागली. यायलाच हवं होतं, दुसऱ्या कुणाचा हात आत जात नव्हता. अंडी काढून झाली की त्यातलं एक घरी न्यायला बाजूला ठेवून ती पुढच्या खोलीत बसे आणि बटणं लावी. वाकडी लावी. ती गेली की थोरली उसवून पुन्हा लावी. महिन्यानं सुतार परतला, त्यानं खुराड्याला फेरी मारली आणि थोरलीच्या दंडाकडे न बघण्याचा प्रयत्न करत विचारलं, "ताई, भोक जरा मोठं करून देऊ का?"

"का? काय वाईट आहे? नेमकं बसलंय."

वर्षाच्या मापाची वेळ आली तेव्हा धाकटी नेहमीसारखी आरशासमोर हात पसरून उभी राहिली. थोरलीनं छाती घेतली, पाठ घेतली. मग दंडाभोवती टेप फिरवला. या वेळी सैल धरला नाही.

अकरा.

तिनं परत घेतलं. अकरा. पुरता अर्धा इंच! रोज सकाळी घरी नेलेलं एकेक अंडं त्या अर्ध्या इंचात बसलं होतं. थोरलीला आतून असं काही उमलून आलं की तोंडातल्या टाचण्या पडता पडता राहिल्या. बावीस वर्षं वाट पाहिली होती तिनं या आकड्याची.

"किती आलं?" धाकटीनं आरशातून विचारलं. आवाज साधाच होता, पण श्वास आत ओढून धरला होता. सगळ्याच बाया धरतात तसा.

"साडेदहा," थोरली म्हणाली. "तुझं काय बदलणार आहे?"

वहीतही तिनं साडेदहाच राहू दिलं. बावीस वर्षांच्या स्वच्छ पानावर खाडाखोड कशाला? मग धाकटी घरी गेल्यावर तिनं कापड पसरलं, खडू हातात घेतला आणि बाही अकरावर बेतली. गाणं गुणगुणत कापली. आणि हातासरशी एका चिठ्ठीवर सुतारासाठी निरोप लिहून ठेवला, सवडीनं येऊन जा, भोक अर्ध्या इंचानं वाढवायचं आहे, लाकूड फार आकसतं.